कौलावरचा उंदीर आणि माझा तिरका दात

आमच्या घरात अंधश्रद्धेला थारा नाही. हे वाक्य मी कर्जतपासून खालापूरपर्यंत जिथे जिथे माईक मिळाला तिथे म्हटलेलं आहे. अशा माणसाला पोशीरच्या आत्याच्या घरी, भर दुपारी, शिडी लावून कौलावर दात फेकावे लागले, याला दुसरं कुणीही जबाबदार नाही.

प्रकरण सुरू झालं मित्राच्या खालच्या दातापासून. मित्रा म्हणजे आमची संघमित्रा, वय वर्षं सात. तिचा समोरचा दुधाचा दात नुसता डुगडुगत होता, पडायचं नाव नव्हतं, आणि त्याच्या मागे नवा दात उगवून बसला होता. तो दिसला आणि मी आधी आरशाकडे धावलो. कारण माझा स्वतःचा वरचा समोरचा दात तिरका आहे. बाकी सगळे सावधानमध्ये उभे, हा एकटा शेजाऱ्याशी बोलतोय! (शाळेच्या फोटोत मी हसलेलो नाही. लग्नाच्या फोटोतही नाही. सासरच्यांना वाटलं, मुलगा विचारवंत आहे.) पोरीच्या वाट्याला हे येऊ नये, एवढंच मला वाटत होतं, आणि फार मनापासून वाटत होतं.

माझी बायको वैशाली शांत होती. ती आम्हाला कर्जतच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी दात बोटानं हलवून पाहिला.

"काही करू नका. आपोआप पडेल. मग जीभच नव्या दाताला हळूहळू पुढे ढकलते."

"पण तिरका आला तर?"

"नाही येणार." मग त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "तुमच्या त्या दाताला मात्र भेग आहे. जपा."

आपण आलोय कुणासाठी आणि बाई बघतायत कुणाच्या तोंडात, असं वाटून मला रागच आला.

पंधरा दिवस झाले, दात पडेना. मी उसाचे करवे दिले, मक्याची कणसं दिली. मित्रा सगळं दाढेनं खायची. बोट जवळ नेलं की तोंड मिटायची. शेवटी माझ्यातला वक्ता कामाला आला.

"मित्रा, माझा दात तिरका का आला, ठाऊक आहे?"

"का?"

"माझा दुधाचा दात हरवला. कौलावर टाकायचा राहून गेला. कौलावरचा उंदीर जुना दात नेतो आणि सरळ दात देतो. आपण रविवारी पोशीरला जाऊ, दात पाडू आणि आत्याआजीच्या कौलावर टाकू."

ती लगेच तयार झाली. मी खोटं बोललो होतो, पण चांगल्या कामासाठी. (सगळे बुवाबाबा हेच म्हणतात. हे मी भाषणात सांगतो.)

रविवारी वैशालीची ड्यूटी होती. मी मित्राला घेऊन पोशीरला पोचलो तेव्हा आत्या ओटीवर परात घेऊन तांदूळ निवडत होती.

"आरं मिल्या, पडंल तवा पडंल. तुला काय घाई हाय रं?"

"आत्या, तुला नाही कळायचं."

"तुजा दात वाकडा, म्हून तिच्या जिवाला घोर कशाला?"

मी मित्राला एक कच्चा पेरू दिला आणि समोरच्या दातानं चाव म्हणून सांगितलं. ती परातीवर वाकून पेरू चावत, तांदळात बोटानं चित्रं काढत बसली. तेवढ्यात वैशालीचा फोन आला.

"अहो, दाताला हात लावू नका हं."

"छे, छे. हातसुद्धा लावलेला नाही."

मी बोलत असताना आत्यानं परातीतले दोन ओंजळी तांदूळ पातेल्यात घेतले आणि भात लावायला आत गेली. मी फोन ठेवला आणि पाहतो तर पेरूवर रक्त!

"पप्पा, पडला!" मित्रा बोळकं दाखवत नाचायला लागली. मग थांबली. "कुठंय?"

दात परातीत पडला असणार. पांढऱ्या तांदळात पांढरा दात! मी परात उपसली. शेजारच्या दोन बायका आपापली सुपं घेऊन आल्या. दाणा दाणा बाजूला केला. दोन किडे सापडले, एक बटण सापडलं, दात नाही. मित्राचे डोळे भरून आले. तिनं हातानं तोंड झाकून घेतलं.

"आता माझा पण तुमच्यासारखा येणार."

हे वाक्य मला लागलं. तेव्हाच सगळं खरं सांगायला हवं होतं. उंदीर नसतो, बाप खोटारडा असतो, एवढंच. पण चार माणसांत ते मला जमलं नाही. मी तांदळातला एक पांढरा गारगोटीचा खडा उचलला.

"सापडला!"

मित्रानं तो उन्हात धरला, उलटा केला, जिभेला लावला.

"हा माझा नाही. माझ्या दातावर चॉकलेटी ठिपका होता."

"अगं, तोच आहे."

"पप्पा, तुम्हीच सांगता ना, पुरावा नसला तर मानायचं नाही."

शेजारणी सुपांमागे तोंड लपवून हसल्या. आतून आत्या ओरडली, "चला, जेवून घ्या. भात निवतोय."

मित्रा पानावर बसली ती तोंडावर हात ठेवूनच. घास घेईना. पाणीही पिईना. मी घामानं भिजलो होतो. वैशालीला काय सांगायचं, पोरीला काय सांगायचं, या विचारात मी मोठा घास तोंडात कोंबला आणि जोरात चावला.

कट्ट.

डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी तळहातावर घास थुंकला. आत दोन वस्तू होत्या. एक चिमुकली, चॉकलेटी ठिपक्याची, भाताबरोबर छान शिजलेली. दुसरी मोठी होती. ती अर्धी होती आणि तिरकी होती.

"माझा दात!" मित्रा किंचाळली.

"आनि ह्यो तुजा," आत्या माझ्या तळहाताकडे पाहत म्हणाली. "दोन्ही टाका कौलावर. उंदराला दोन खेपा नकोत."

मित्राला शिडीवर चढवायची माझी छाती नव्हती. ती खालून हुकूम सोडत होती, मी चढलो. आधी तिचा फेकला, मग माझा.

मित्राचा नवा दात दोन-तीन महिन्यांत सरकत सरकत रांगेत आला, अगदी सरळ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसाच, पण श्रेय उंदराला मिळालं. मी खरं काय ते सांगून पाहिलं. ती म्हणाली, "पुरावा आहे ना!" आणि दात दाखवला.

माझ्या दाताला कॅप बसवायची आहे, पण मित्रा बसवू देत नाही. उंदराला जागा मोकळी दिसायला हवी म्हणते. परवा विहारात व्याख्यान होतं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "अंधश्रद्धा," तर फटीतून बारीक शिट्टी वाजली. पुढच्या रांगेतून मित्रानं काळजीनं माझ्याकडे पाहिलं. घरी येताना म्हणाली, "पप्पा, आपण स्लॅबच्या बिल्डिंगमध्ये राहतो. उंदराला घर सापडत नसेल."

येत्या रविवारी पोशीरच्या कौलावर आमचा पत्ता ठेवून यायचं ठरलं आहे. मजकूर तिचा आहे. अक्षर माझं आहे, आणि खाली 'लवकर येणे' हेही मीच लिहिलंय.