माझं गिऱ्हाईक एकच

"चीक वासराचा. घरी न्या."

गाय-म्हैस नुकतीच व्यालेली असताना कुणी ते घट्ट पिवळं दूध डेअरीत आणलं, की ती झाकण उघडून बघायची आणि किटली परत सरकवायची. सरपंच असोत की माझे वडील, वाक्य तेवढंच.

दूध मोजून घेणारी माणसं तुमच्याही गावात असतील, पण बहुधा पुरुष. आमच्या वडवणीजवळच्या गावात हे काम एक सून करायची. मी तिला वहिनी म्हणायचे. कॉलेजची एसटी पकडण्याआधी मी रोज तिच्याकडे आमच्या गाईचं दूध घालायचे.

तिला दिवस गेले तेव्हा डेअरीचे चेअरमन म्हणाले, "आता घरी बस. माझा पुतण्या बघंल."

"बघू द्या की, सव्वा महिना. मग मी येते."

"अन् लेकरू?"

"ते दूधच पिणार हाय. पिठलं-भाकरी न्हाई."

तिचं घर लांब शेतात, वस्तीवर. काम सोडून मधेच पाजायला जाणं शक्य नव्हतं. एका सकाळी तिनं मला थांबवलं. "कॉलेजात शिकतीस ना? मोबाइलवर बघ, दूध काढायचा पंप. बाईचा."

मी आजूबाजूला पाहिलं. रांग ऐकत होती.

"लाजतीस कावून? दूधच हाय, दारू न्हाई."

आम्ही चित्रं पाहिली. आधी तिचं मन विजेच्या मोठ्या पंपावर गेलं. डेअरीतल्या माणसाला मशीनचं कौतुक. मग स्वतःच म्हणाली, "लाईटीच्या भरवशावर लेकरू उपाशी ठेवू का? अन् लई जोरात वढलं तर म्हैससुद्धा पान्हा चोरते." वडवणीच्या मेडिकलमधून तिनं हातानं दाबायचा पंप आणला आणि खोकं फॅट मोजायच्या मशीनशेजारी ठेवून दिलं, सगळ्यांना दिसेल असं.

"काय सूनबाई," रांगेतले आप्पा म्हणाले, "आता तुझंबी दूध डेअरीला का? फॅट किती लागंल?"

रांग हसली. तिनं आप्पांच्या दुधात पाणी ओळखायची डिग्री सोडली, काचेच्या नळीवरचा आकडा वाचला.

"माझं गिऱ्हाईक एकच हाय, आप्पा. अन् ते पाणी चालवून घेत न्हाई."

रांग पुन्हा हसली, या वेळी आप्पांकडे बघून.

माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. मी दवाखान्यात डबा घेऊन गेले, तेव्हा सासूबाई वाटीत गुळाचं पाणी आणि कापसाचा बोळा घेऊन बसल्या होत्या.

"पहिलं दूध पिळून टाक. नासकं असतंय."

वहिनीला धड बसवत नव्हतं. तरी म्हणाली, "म्हशीच्या चिकाचा खरवस करून गल्लीभर वाटता, आत्याबाई. माझाच नासका कसा?"

"जनावराचं वायलं, माणसाचं वायलं."

"पोर वायली न्हाई. भूक लागलीय तिला."

तिनं पोरीला पदराखाली घेतलं, पण पोरगी सारखी सुटायची. वहिनी घामाघूम झाली, डोळे भरून आले, पण तिनं वाटीला हात लावला नाही. बऱ्याच वेळानं पोरगी चिकटली. सासूबाई उठून खिडकीशी गेल्या.

आता वहिनी तालुक्याच्या दूध शीतकेंद्रावर काम करते आणि आमच्या डेअरीत पुतण्या बसतो. रांग तीच आहे, पण कुणी कुणाला बोलत नाही. मला बाळंतपणानंतर ती परत आली तो पहिला दिवस आठवतो.

चेअरमननी तिला बजावलं होतं, "रांग खोळंबली अन् एकाची जरी तक्रार आली, तर काम पुतण्याकडं."

तास-दीड तास तिनं दूध मोजलं. मग हात धुतले, उकळून आणलेला पंप पिशवीतून काढला आणि पेंडीच्या खोलीत जाऊन आतून कडी लावली. पोरीला घरी बापाजवळ ठेवून दूध न्यायला आलेल्या सासूबाई उंबऱ्यावर बसल्या. त्यांना हे पटलेलं नव्हतंच. "काढलेल्या दुधाला नजर लागती," म्हणत त्या येईल-जाईल त्याच्याकडे डोळे वटारून बघत होत्या.

रांग वाढत गेली. पुतण्या लगेच मशीनशी आला. "आणा इकडं. मी मोजतो."

"अजून किती येळ, सूनबाई?" आप्पांनी विचारलं. "आमचं दूध नासंल."

आतून आवाज आला, शांत. "सकाळचं दूध एवढ्यात न्हाई नासत, आप्पा. थांबा."

पुतण्यानं हात पुढं केला. आप्पांनी किटली उचलली, जरा विचार केला आणि स्वतःच्या पायाशी ठेवली. त्यांच्यामागं कुणाचीच किटली पुढं सरकली नाही.