तांदळाच्या डब्यातले देव

देवाचे अनुभव लिहिणाऱ्यांत माझी गणना कुणी करणार नाही. आरती चालू असताना माझं लक्ष टाळ कोण चुकवतंय याच्याकडे असतं, आणि ज्या महाराजांच्या गाडीपुढे आणखी गाड्या धावतात त्यांच्यापुढे माझी मान वाकत नाही. घरातल्या देवांची पूजा मी करते, कारण सासूबाई जाताना ती माझ्यावर सोपवून गेल्या. शाळेत हजेरी घ्यायचे, तशीच रोज सकाळी देवांचीही घेते. भक्ती म्हणावी असं त्यात काही नव्हतं. म्हणून मागच्या हिवाळ्यात जे घडलं ते कशात टाकावं हे मला अजून कळलेलं नाही. जसं झालं तसं सांगते.

आम्ही कोरेगावजवळचे. हे सैन्यात सुभेदार होते, मी हायस्कुलात भूगोल शिकवत असे. ह्यांच्या नोकरीचे कितीतरी हिवाळे बर्फात गेले. डाव्या पायाची दोन बोटं तिकडंच राहिली. निवृत्त होऊन आले त्या दिवशी अंगणात खाट ओढून म्हणाले, "बाई, आता मरंस्तवर उनात ऱ्हायचं." तो शब्द आम्ही दोघांनी पाळला. दर वर्षी शेतातला ऊस गेला की आम्ही बाहेर पडतो, जिथं ऊन आणि पाणी दोन्ही असेल तिथं. हर्णै, कन्याकुमारी, एकदा तर अंदमानही झालं. आमचा प्रवास ऐकण्यासारखा नसतो. एक खोली घ्यायची, व्हरांड्यात खुर्च्या टाकायच्या. हे पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून पाय उन्हात पसरतात, मी वाचत बसते, संध्याकाळी वाळूतून हळूहळू फिरून येतो. भावकीला हे कधीच रुचलं नाही. म्हातारपणी माणसं काशीला जातात, ही दोघं समुद्रावर लोळतात, असं लग्नाकार्यात ऐकायला मिळे. मी सांगायची, काशीला थंडी असते.

गेल्या पावसाळ्यात ह्यांच्या छातीत दुखलं आणि मिरजेला बायपास झाली. शस्त्रक्रिया उत्तम झाली. डॉक्टर म्हणाले, रोज चाला, फिरा, काही होत नाही. पण घरी आले ते सुभेदार नव्हते. बर्फात पहारा केलेला माणूस खाटेवरून न्हाणीपर्यंत जाताना भिंत धरू लागला. बोटाला ऑक्सिमीटर लावून तासन्‌तास त्यावरचे आकडे बघत बसायचे. येणारा प्रत्येक जण आवाज खाली घेऊन बोलायचा, पाण्याचा तांब्या हातात द्यायचा, आणि हेही तसेच हळू बोलायला लागले. मी रोज चपला पुढ्यात ठेवायची, हाताला धरून उठवायची, रागवायची, गोडीत घ्यायची. "नगं बाई, दम लागंल," एवढंच. त्यांच्या मरणाची भीती मला ऑपरेशनच्या दिवशी वाटून गेली होती. आता ते असेच जगत राहतील याची वाटत होती. माझा सोबती मला परत हवा होता, आणि तो कुणाकडे मागायचा ते कळत नव्हतं.

भावकीला मात्र कळत होतं. माझा पुतण्या राजू येत्या निवडणुकीला उभा राहणार आहे. त्यानं काकांसाठी, म्हणजे त्याच्या नानांसाठी, आयुष्यहोम आणि गावजेवण घालायचं ठरवलं. अंगणात मांडव, बाहेरून गुरुजी, आणि वेशीवर भला मोठा फ्लेक्स. फ्लेक्सवर ह्यांचा गणवेशातला फोटो, चारी बाजूंनी फुलांची नक्षी, आणि खाली हात जोडलेला राजू, फोटोपेक्षा मोठा. शेजारच्या पोरानं मोबाइलवर तो फ्लेक्स दाखवला तेव्हा हे बराच वेळ बघत राहिले. "बाई, मी जित्ता हाय का गेलोय, त्येच कळंना ह्येच्यावरनं." कित्येक महिन्यांत त्यांनी केलेली ती पहिली थट्टा होती. मी ती हातची जाऊ दिली नाही. म्हटलं, "होमाला बसायचंय की समुद्रावर जायचंय?" त्यांनी मांडवाचे वासे उतरवणाऱ्या ट्रॅक्टरकडे पाहिलं आणि म्हणाले, "त्यापरीस समुद्र बरा." राजूला सांगितलं तर तो क्षणभरच गडबडला. "जावा काकी, जावा. नाना नसलं तरी चालंल. फोटो हाय की."

भाड्याची गाडी सांगितली आणि उजाडताना निघालो. घर बंद ठेवायचं झालं तर देव उपाशी राहू नयेत म्हणून ते डब्यात तांदळात ठेवायचे, ही सासूबाईंची रीत. मी आदल्या संध्याकाळी ठेवले होते, आणि होमाला लागतील म्हणून राजूला घराची किल्ली देऊन डब्याची जागाही सांगितली होती. ह्यांना बाहेरचा भात पचत नाही, म्हणून प्रवासातही मी घरचा तांदूळ नेते. तो दुसऱ्या डब्यात. दोन्ही डबे एकाच दुकानातले, एकाच मापाचे. पुढचं सांगायला नको. वेंगुर्ल्याच्या पलीकडे एका गावात चढावर घर, खाली पायऱ्या, पायऱ्यांखाली वाळू आणि समुद्र, अशी खोली मिळाली. दुपारी भात लावायला डबा उघडून हात घातला तर बोटांना खंडोबा लागला. मग जोतिबा, भवानी, आणि तळाशी रांगता बाळकृष्ण.

घरमालकीण बाई वयानं माझ्याहून मोठी, सगळं गाव तिला आये म्हणतं. मी ताटात देव घेऊन उभी, घाटावरून देव चुकून आणल्याचं सांगते आहे, खाली तिच्या चुलीवर कालवण रटरटतंय. तिनं पदरानं हात पुसले. "चुकान कशे? येवंचा होता म्हणान इले. आता इलेत तर ऱ्हवांदेत. तेंकाय जरा वारो लागूंदे." आणि तिनं मला वाटीभर तांदूळ दिला. मी देव खिडकीत मांडले, समुद्राकडे तोंड करून, कारण दुसरी जागा नव्हती.

होमाच्या दिवशी सकाळी राजूचा फोन आला. मागं लाउडस्पीकर चालू होता.

"काकी, आवं देव कुठं हायती? गुरुजी खोळंबल्यात. डब्यात निस्ता तांदूळ हाय!"

"देव आमच्याकडे आहेत."

"समुद्रावर? आवं, तिथं काय करत्यात देव?"

"आम्ही करतोय तेच. बसलेत."

"मग म्या होम कुणापुढं करायचा?"

"तुझा फोटो आहे की वेशीवर. बराच मोठा आहे."

त्यानं फोन ठेवला. ज्याच्या आयुष्यासाठी होम तो माणूस तिथं नाही, ज्यांच्यापुढे करायचा ते देव तिथं नाहीत, आणि तरीही जेवण वेळेवर सुटलं, असं मागाहून कळलं. मी हसत ह्यांना सांगायला व्हरांड्यात गेले. ह्यांनी बोट वर केलं, थांब म्हणून. आकडे बघत होते.

तिथं माझं हसू संपलं. इथं येऊनही खाटेच्या जागी खुर्ची एवढाच फरक पडला होता. खाली ऊन होतं, पाणी होतं, आणि हा माणूस पायऱ्यांच्या पहिल्या दगडावरसुद्धा पाय ठेवत नव्हता. सकाळी मी हात धरून उठवायला गेले तर त्यांनी हात काढून घेतला, रागानं नाही, भीतीनं. ते मला सोसलं नाही. मी आत गेले आणि खिडकीतल्या देवांपुढे उभी राहिले. हात जोडले नाहीत, कमरेवर ठेवले. म्हटलं, माझ्या सासूनं तुम्हाला जन्मभर न्हाऊमाखू घातलं, मी एक दिवस चुकवला नाही. घाट उतरून इथवर न बोलावता आलात. नुसता वारा खात बसायला आला असाल तर उद्याच्या गाडीनं परत डब्यात घालीन. काही करणार असाल तर करा. माझ्याच्यानं आता होत नाही.

अशी प्रार्थना कुठल्या पोथीत नसेल. पण शेवटचं वाक्य बोलले आणि माझंच मला नवल वाटलं. 'माझ्याच्यानं होत नाही' हे मी आजवर कुणापुढे म्हटलं नव्हतं, ऑपरेशन थिएटरच्या दारातही नाही.

खाली वाळूत रापण ओढायचं चाललं होतं. होडीतून समुद्रात मोठा वेढा घालून जाळं टाकतात आणि त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढून घेतात. पलीकडच्या गावात त्या दिवशी जत्रा होती, त्यामुळे दोराला माणसं कमी पडली होती. तेवढ्यात एका म्हाताऱ्या कोळ्यानं आमच्या घराकडे मान वर करून हाक मारली, "अरे, बसान काय बघतंस? ये खाली, हात लाव मरे!"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी बाहेर धावले तोवर हे चौथ्या-पाचव्या पायरीवर होते, अनवाणी. यंत्र खुर्चीखाली पडलेलं. मी "अहो, थांबा!" म्हणून ओरडले. त्यांनी मागं पाहिलं आणि त्या चेहऱ्यावर काय आनंद होता! "मला अरं म्हनला त्यो!" एवढंच म्हणाले आणि उतरत राहिले.

मी मागोमाग वाळूत पोचले तेव्हा ह्यांनी दोर धरलाच होता. पलटणीच्या रस्सीखेच संघात होते हे मला माहीत, त्या कोळ्याला काय माहीत? त्यानं ह्यांना खालून वर न्याहाळलं. ह्यांच्या छातीवरची ती लांब खूण मला शर्टातूनही दिसत होती. त्यांनी जोर लावला असता तर मी काय करणार होते? पण म्हाताऱ्यानं त्यांना सरळ रांगेच्या पार शेवटी नेऊन उभं केलं. "वढू नकात. तुमी घाटावरचे, तुमी वढलास काय आमचो ताल चुकता. नुस्ती दोरी धरान ऱ्हवा."

"आरं, मी रस्सी खेचलेला मानूस हाय!"

"खेचलास आसतालास. हंय धरा."

रांगेतली माणसं हसली. हेही हसले. आणि धरून राहिले. पुढची माणसं ओढत होती, दोर ह्यांच्या मुठीतून मागं सरकत होता, तो तेवढा वाळूत वेटोळं करून ठेवायचा. दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकत आल्या. हेही त्यांच्याबरोबर पावलापावलानं सरकले, भिंत नाही, माझा हात नाही. जाळं वर आलं तेव्हा त्यांना धाप लागलेली होती, पण सगळ्यांनाच लागली होती. मी जवळ गेले नाही. ते मला अवघड गेलं, पण नाही गेले.

दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा, ही तिथली रीत. हे टोपीत बांगडे घेऊन पायऱ्या चढून आले, मधे एकदा टेकून, आणि आयेच्या पुढ्यात टोपी उलटी केली. त्या दुपारी त्यांनी तिच्या हातचं कालवण खाल्लं. खिडकीतल्या खंडोबाला त्याचं काही वाटणार नव्हतं. जोतिबाची मी क्षमा मागितली. संध्याकाळी आयेजवळ मी त्या म्हाताऱ्याचे आभार मानायची गोष्ट काढली, तर ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. हाक ह्यांना नव्हतीच. आमच्या व्हरांड्याखाली गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, त्याचा धाकटा भाऊ बिडी ओढत बसला होता, त्याला होती. भाऊ उठलाच नाही.

त्या रात्री मला झोप लवकर लागली, पण लागण्याआधी एक गोष्ट मनात स्पष्ट झाली. पावसाळ्यापासून मी ह्यांना ओढत होते. मायेनं, पण ओढतच होते, आणि ताल चुकत होता. धरून राहणं म्हणजे सोडून देणं नव्हे, एवढं साधं मला या वयात एका अनोळखी माणसानं, तेही दुसऱ्या कुणाला तरी सांगताना, शिकवलं. शरणागती हा शब्द मी आजवर पोथ्यांतला समजत होते. त्यात दोर हातात असतोच. ओढणारं दुसरं कुणी असतं, एवढंच.

नंतर राजूचा पुन्हा फोन आला. नाना उठून फिरायला लागल्याचं त्याच्या कानावर गेलं होतं. "बगा काकी, होमाचा गुन आला का न्हाई?" माझ्याकडे उत्तर तयार होतं, आणि चांगलं होतं. ते मी दिलं नाही. डॉक्टरांचा असेल, होमाचा असेल, बिडी ओढत बसलेल्या त्या आळशी भावाचा असेल. खिडकीतल्या चौघांचा असेल. "असेल बाबा," म्हटलं. तो इतका चकित झाला की त्यानं तेच पुन्हा विचारून घेतलं. यापुढे कुठल्या मांडवात मी मान डोलावीन असं मात्र कुणी समजू नये. भपक्यापुढे माझी मान आजही ताठच आहे. ती जिथं वाकली तिथं मांडव नव्हता.

निघायच्या दिवशी गाडीवाल्यानं घाटाकडे तोंड करून गाडी लावली होती. हे पुढच्या सीटवर बसता बसता थांबले. "बाई, ह्येच्या खाली काय हाय?"

"गोवा. मग कारवार. मग तसाच किनारा, पार खालीपर्यंत."

"तिकडं ऊन आसंल?"

"भरपूर."

"मग हिकडं कशाला वळवतोय त्यो? सांग की त्येला."

दर वेळी खोली मी निघायच्या कितीतरी आधी ठरवून ठेवते. या खेपेला पुढं कुठं उतरायचं, कुणाच्या घरी, किती दिवस, काहीच ठरलेलं नव्हतं. मी मागं बसले. गाडी वळली. उजवीकडे समुद्र होता, हे काच खाली करून हात बाहेर उन्हात धरून बसले होते, आणि मी त्यांना हात आत घ्या म्हटलं नाही.