मिन्झाची चाळीस सेकंदं

सकाळचे सहा चाळीस. सरोवराकाठच्या म्वान्झा शहरातल्या हॉस्पिटलच्या एंडोस्कोपी खोलीत मिन्झा नवी दुर्बीण पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का, ते पाहत होती. आले नाहीत, म्हणजे नळीला कुठे गळती नव्हती. या लांब नळीच्या टोकाला सोनोग्राफीचं यंत्र आहे. जठराच्या भिंतीआडची शीरही तिच्यातून दिसते. अकरा वर्षं दुर्बिणी सांभाळणाऱ्या मिन्झाला कालपासून धड जेवण गेलं नव्हतं. आज ही नळी पहिल्यांदा रुग्णाच्या पोटात जाणार होती.

रुग्ण न्यान्झोबे. सरोवराकाठी डगा नावाची बारीक मासळी वाळवते. सरोवराच्या पाण्यातून अंगात शिरलेल्या किड्यांनी तिचं यकृत आतून आवळलं होतं आणि तुंबलेल्या रक्ताने जठरातली शीर फुगली होती. दोनदा रक्ताची उलटी झाली, दोनदा साध्या दुर्बिणीतून अंदाजाने शिरेत ती बुजवणारा औषधी गोंद भरला. शीर बुजली नाही. आता फुटली तर गावातून इथवर पोचणं कठीण, हे तिला माहीत होतं.

"पोट रिकामं आहे ना, मावशी?" मिन्झाने विचारलं.

"कालपासून. आत जाऊन काय बघणार, माझी भूक?"

"ती तर बाहेरूनच दिसतेय."

गुंगीचं औषध दिलं. डॉक्टर लुहेंडेंनी नळी आत सरकवली आणि पडद्यावर शिरेतल्या रक्ताचा लाल-निळा भोवरा उसळला.

"बाप रे! ताई, बघताय ना? अजगर आहे नुसता!"

"बघतेय. तुम्ही सुईकडे बघा."

सुई शिरेत गेली. तिच्यातून धातूची बारीक स्प्रिंग सुटली आणि आत वेटोळं घालून बसली. आता गोंद. त्याआधी सुईतलं रक्त डिस्टिल्ड वॉटरने धुवायचं. रक्त किंवा सलाईन लागलं तर गोंद सुईतच गोठतो. अशी दुसरी सुई कपाटात नव्हती.

"पाणी द्या."

मिन्झाने सिरिंज उचलली. नजर ट्रॉलीवर गेली. डिस्टिल्ड वॉटरच्या बाटलीचं सील शाबूत होतं. रोजच्या सवयीने तिने सगळ्या सिरिंजा सलाईननेच भरल्या होत्या.

"थांबा! हे सलाईन आहे. चूक माझी."

"किती वेळ?"

"चाळीस सेकंद. हात हलवू नका."

"हलवतोय कोण! श्वाससुद्धा घेत नाहीये."

सील तुटलं. नव्या सिरिंजा भरल्या. पाणी, गोंद, पुन्हा पाणी. सुई सुटून बाहेर आली. पडद्यावरचा भोवरा मंदावला, कडेला एक निळी रेघ थरथरली, मग तीही गेली. सगळं काळं. शिरेतलं रक्त वाहायचं थांबलं होतं.

"विझली!" लुहेंडे ओरडले. "ताई, विझली!"

"ओरडू नका, पेशंट झोपलीय," मिन्झा म्हणाली, आणि स्वतःच मोठ्याने हसली.

दुपारी न्यान्झोबेने विचारलं, "भूक सापडली का?"

"सापडली. पण आज फक्त पाणी."

नाडी आणि रक्तदाब दर तासाला पाहायचा, असं तिच्या कागदावर लिहिलंय. रात्र नीट गेली तर उद्या सकाळी आठ वाजता तिला पातळ उजी, म्हणजे पिठाची पेज, मिळेल.