आत्याच्या हातून काढून घेतलेलं घर

"आई गेली रे... झोपेतच." आतेभावाचा फोन आला तेव्हा मी नाशिकला ऑफिसात होतो. या गोष्टीला आता दोन महिने होतील. विमलआत्याचं नाव निघालं की अजून माझी मान खाली जाते.

विमलआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. उरणजवळच्या खेड्यातली, लग्न होऊन पनवेलला आलेली. मी नवीन पनवेलमध्ये भाड्याने द्यायला फ्लॅट घेतला, तेव्हा कुणी न सांगता त्याची काळजी तिने अंगावर घेतली. भाडेकरू तीच पारखायची. एक नर्स आणि तिचा नवरा राहायला आले, त्यांना बाळ झालं, तर आत्या रोज सकाळी जाऊन त्याला न्हाऊ घालायची. मी फोनवर गळक्या नळाचं विचारावं आणि तिने बाळाला दात आल्याचं सांगावं! "माहेर लांब हाय रं बिचारीचं," म्हणायची.

गेल्या वर्षी त्याच इमारतीच्या जिन्यात ती पडली. हात मोडला. मी धसकलो आणि भाड्याची घरं सांभाळणारा एक माणूस नेमला. करारनामा, पोलीस पडताळणी, प्लंबर, सगळं तोच बघणार होता. आत्याला सवडीने सांगू म्हटलं... आणि ते राहूनच गेलं. दरम्यान नर्सचं कुटुंब बदली होऊन गेलं, नवे भाडेकरू आले, त्या माणसाने रीतसर कुलूप बदललं.

प्लास्टर निघाल्यावर आत्या सवयीने तिथे गेली. किल्ली लागेना. आतून एका अनोळखी मुलीने दार किलकिलं करून विचारलं, "कोण पाहिजे?"

संध्याकाळी तिचा फोन आला. "कुलूप बदललंस?"

"तुला त्रास नको म्हणून गं, आत्या."

"बरा केलास." मग म्हणाली, "मना सांगायचं व्हतंस रं. पोरगी घाबरली ना मना बघून."

मी म्हटलं, आलो की ओळख करून देतो. त्यानंतर माझं पनवेलला जाणं झालं ते तिच्या दिवसांनाच.

कार्य उरकल्यावर फ्लॅटवर गेलो. त्या मुलीला, श्रद्धाला, आत्याचा फोटो दाखवला. "अय्या, या आजी! रोज संध्याकाळी खाली बाकावर बसायच्या. पहिल्यांदा आमच्या दाराला किल्ली लावत होत्या, तेव्हा मला वाटलं, इमारतीतल्याच, दार चुकल्या असतील. एकदा चहाला वर बोलावलं, तर भलतंच म्हणाल्या, 'नाय गो. घरमालकानी माणूस ठेवलाय. त्याच्या कामात आपली लुडबुड कशाला?'"

ती माझी आत्या, हे न सांगताच मी निघालो. खाली येऊन त्या बाकावर बसलो. तिथून आमची खिडकी अगदी समोर दिसते. श्रद्धा दोरीवरचे कपडे काढत होती. बाकाकडे लक्ष जाताच तिने सवयीने हात केला.

मला हात वर करता आला नाही.