हात कोणी धरला नव्हता

आमच्या मद्रासच्या मराठी मंडळाच्या यंदाच्या दिवाळी अंकात शरदचंद्र भावजींचा अंदमानवरचा लेख छापून आलाय. त्यात एक वाक्य आहे, ‘उभयतांनी हॅवलॉकच्या समुद्रात उतरून प्रवाळांचे दर्शन घेतले.’ हे वाक्य खोटं आहे. ते खोटं आहे हे संपादकांना, अध्यक्षांना आणि भावजींच्या व्याख्यानाच्या संध्याकाळी हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी छापलं. म्हणून मी हे लिहायला बसलेय. मंडळ हे छापणार नाही, ठाऊक आहे मला. न छापेना का.

भावजींची बायको विद्युलता आणि मी मद्रासजवळच्या आवडी गावातल्या क्वार्टर्समध्ये समोरासमोर राहतो. दोघींचे नवरे इथल्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात, दोघी लग्न होऊन थेट मद्रासला आलेल्या. ती वाईची. लहानपणी पाठीला सुका भोपळा बांधून तिला विहिरीत ढकललं होतं आणि नंतर ती बाहेर यायलाच तयार नसायची, असं तिची आई सांगायची. कृष्णेला पाणी चढलं की घाटावरून उड्या मारणाऱ्या पोरांत ही एकटी परकरातली. अशी बाई समुद्राच्या गावात येऊन पडली आणि सगळा संसार होईस्तोवर तिची फक्त पावलं भिजली. मरीनावर जायचं, साडी वर धरायची, भावजींनी मागून ‘पुरे’ म्हटलं की मागं फिरायचं. पुरे कोणाला झालं, हे कोणी विचारलं नाही.

सरकारी नोकरांना प्रवासाची सवलत मिळते. भावजींची ती दरवेळी सातारला खर्ची पडली. पुतण्याची मुंज, धाकट्या भावाची वास्तुशांत, आईंना काशीला न्यायचं. विद्युलतानं कधी हूं की चूं केलं नाही, आणि याचाही मला रागच यायचा. निवृत्तीआधीची शेवटची सवलत उरली तेव्हा मात्र ती म्हणाली, “या वेळी अंदमान. मला तिथल्या हॅवलॉक बेटावर पाण्यात उतरायचंय. तोंडाला नळी लावून खालचं बघता येतं म्हणे.” टीव्हीवर पाहिलं होतं तिनं. भावजी एका शब्दात हो म्हणाले. आम्हा दोघींना नवल वाटलं. तेव्हाच संशय यायला हवा होता.

ती तयारीला लागली. कॉलनीच्या क्लबात पोहण्याचा तलाव आहे, पण बायकांना वेळ नव्हती. तिनं क्लबाच्या कमिटीला इतकं पिडलं की शेवटी त्यांनी दुपारची वेळ दिली, जेव्हा उन्हानं फरशीवर पाय ठेववत नाही. ती गेली. सलवार-कमीज घालून, पन्नाशी उलटलेली बाई, एकटी. मी काठावर छत्री घेऊन बसायचे. पहिल्या दिवशी ती धापा टाकत काठाला धरून राहिली आणि म्हणाली, “चारू, हात विसरले नाहीत गं. दमच विसरलाय.” महिन्याभरात दमही आठवला. एकदा भावजी डोकावले, हसले आणि म्हणाले, “काय, ऑलिंपिक?” झालं. एवढाच त्यांचा सहभाग.

आता अंदमान म्हटल्यावर आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढं काय येतं, हे सांगायला नको. सेल्युलर जेल. त्यात वाईट काही नाही. विद्युलताही तिथं गेली, कोठडीपुढं उभी राहिली, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माणूस एका दिवशी कोठडीपुढं रडू शकतो आणि दुसऱ्या दिवशी समुद्रात पोहू शकतो, एवढं साधं आहे ते. पण भावजींना मंडळात व्याख्यान द्यायचं होतं. ते तर मद्रास बंदरातून बोट सुटली तेव्हापासून डेकवर येईल-जाईल त्या मराठी माणसाला धरून त्याची तालीम करत होते. पोर्ट ब्लेअरला पोचल्यावर पहिल्या दिवशी जेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा जेल, उजेड बरोबर नव्हता म्हणून फोटो परत. तिसऱ्या दिवशी हॅवलॉकच्या बोटीची तिकिटं काढलेली होती.

आदल्या संध्याकाळी लॉजवर भावजी खुशीत आले. जेलमध्ये त्यांना पुण्याचा एक गट भेटला होता आणि उद्या तिथल्या पायऱ्यांवर चार शब्द सांगा, असं त्या लोकांनी म्हटलं होतं. तेव्हा हॅवलॉक रद्द.

“आणि माझं पाण्यात उतरायचं?” विद्युलतानं विचारलं.

“अगं, तिकडं काय आहे? समुद्रच ना? मरीनावर आहे तोच. ज्या बेटांवर माणसांनी कोलू ओढला तिथं आपण डुंबायला जायचं, बरं दिसतं का ते?”

हे तिनं मला परत आल्यावर सांगितलं तेव्हा माझ्या हातात कणीक होती. ती मी परातीत अशी आपटली की शेजारची मुलगी बघायला आली. बरं दिसतं का! आयुष्यभर या बाईनं जे जे केलं ते बरं दिसावं म्हणून केलं. आणि तो समुद्र मरीनासारखाच असेल, तर मग ते पायऱ्यांवरचे चार शब्दही आवडीच्या जिन्यावर म्हणून दाखवायला काय हरकत होती?

विद्युलता तिथं भांडली नाही. सकाळी तिनं पिशवी भरली आणि चपला घातल्या. भावजी दाढी करत होते. त्यांना वाटलं, ही धक्क्यावरून परत येईल.

“एकटी कुठं जातेस? आणि माझ्या जेवणाचं?”

“डब्यात थालीपीठं आहेत,” ती म्हणाली आणि निघाली.

हॅवलॉकला तिला सेल्वम नावाचा होडीवाला भेटला. मूळ रामनाडचा, वयानं तिच्याएवढाच. तिची तमिळ म्हणजे भाजीवालीशी घासाघीस करण्यापुरती, पण ती तिथं पुरली. पाण्यात उतरताना तो म्हणाला, “बयप्पडादींग अम्मा.” घाबरू नका. ती म्हणाली, “बयम् इल्लै.” नाहीच घाबरत. त्यानं काच डोळ्यांवर घट्ट बसवून दिली, नळी दातांत कशी धरायची ते दाखवलं. पहिल्यांदा खारं पाणी नाकातोंडात गेलं, ती खोकत वर आली. सेल्वमनं हात पुढं केला. तिनं मान हलवली आणि पुन्हा डोकं खाली घातलं.

पुढचं तिनं मला कितीदा तरी सांगितलंय आणि दरवेळी सांगताना तिचा आवाज हळू होतो. खाली बाग होती म्हणे. पिवळे मासे, निळे मासे, एक तर लुगड्याच्या काठासारखा हिरवा-जांभळा. आणि शांत नव्हतं. सारखी कुरकुर, चुरचुर, कढईत काही तडतडावं तशी. ते मोठे मासे प्रवाळ कुरतडून खात होते, त्यांच्या दातांचा आवाज. ती नळीतल्या नळीत हसली आणि परत पाणी प्याली. सेल्वमकडं पाण्यात चालणारा कॅमेरा होता. त्यानं तिचे फोटो काढले आणि सीडीवर घालून दिले. त्यांच्या घरचा कॅमेरा भावजींच्या गळ्यात होता, जेलमध्ये.

आता ती संध्याकाळ. मंडळाचा हॉल भरलेला, बायका नेहमीप्रमाणे मागच्या रांगांत. पडद्यावर फोटो आणि भावजींचा भरून आलेला आवाज. जेलबद्दल ते चांगलं बोलले, खोटं कशाला सांगू. मग पडद्यावर निळं पाणी आलं. त्यात काच लावलेली विद्युलता, केस पसरलेले, हात मोकळे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सीडी भावजींनी तिला न विचारता कपाटातून घेतली होती, हे तिला तिथं बसल्या बसल्या कळलं.

“ही आमची सौ.,” भावजी म्हणाले. “फार घाबरली होती. मी म्हटलं, अगं मी आहे ना. हात धरून पाण्यात उतरवली, आणि मग हा फोटो काढला. पाण्याखाली इतकी शांतता, जणू ध्यानच.”

माझ्या शेजारची खुर्ची सरकली. विद्युलता उभी राहिली होती. तिचा आवाज मोठा नव्हता, पण हॉल लहान आहे.

“हा फोटो सेल्वम नावाच्या माणसानं काढलाय,” ती म्हणाली. “हे त्या दिवशी हॅवलॉकला नव्हते. जेलच्या पायऱ्यांवर भाषण करत होते. मी एकटी गेले होते. घाबरले नव्हते. आणि माझा हात कोणी धरला नव्हता.”

मग आमचे अध्यक्ष, राघोत्तमराव, बँकेतून निवृत्त झालेले सभ्य गृहस्थ, उठून म्हणाले, “वहिनींनी छान विनोद केला.” आणि लोक हसले! सुटल्यासारखे हसले. माझ्या नवऱ्यानंही दात काढले. त्याच्याशी मी चार दिवस बोलले नाही, ते वेगळं. भावजी खोटं बोलले त्याचा जेवढा राग येतो, त्याहून जास्त त्या हसण्याचा येतो. एक बाई उभं राहून सरळ सांगते आणि तुम्ही तिला विनोदात काढता?

विद्युलता बसली नाही. हसणं थांबेपर्यंत उभी राहिली. मग म्हणाली, “विनोद नाही,” आणि दाराकडं चालू लागली. मी उठले, मागून आणखी दोघी उठल्या. कार्यक्रमानंतरची कॉफी कोणी द्यायची, हा प्रश्न पुरुषांवर सोडला.

भावजी धावत खाली आले. “चारचौघांत माझी लाज काढलीस तू.”

“हात तुम्ही चारचौघांतच धरलात,” ती म्हणाली. “हॅवलॉकला मी दिवसभर होते. तिथं यायचं होतं.”

स्टेशनाकडं जाताना वाटेत मोठा रस्ता लागतो. इतकी वर्षं मी पाहतेय, भावजी पुढं निघून पलीकडं उभे राहतात आणि ही बसगाड्या चुकवत मागून येते. त्या दिवशी ते थांबले. सगळ्यांच्या देखत त्यांनी हात पुढं केला.

विद्युलतानं त्या हाताकडं पाहिलं. मग उजवीकडं पाहिलं, गाड्यांचा अंदाज घेतला आणि त्यांच्या आधी रस्ता ओलांडून गेली.