दोन वर्षांचं वावर

मेंढ्यांच्या पोटातल्या जंतांवर माझी पीएचडी झाली तेव्हा टेंभुर्णीत पेढे वाटले, आणि पेढा तोंडात असतानाच जो तो विचारू लागला, "मंग आता नोकरी?" मी सांगायची, पोस्टडॉक. म्हणजे परदेशातल्या विद्यापीठात दोन वर्षं संशोधन करायचं, पगार मिळतो. "अन् दोन वर्षांनी?" दुसरीकडं. झालं! जास्त वाचून बिचारीचं डोकं फिरलं, असंच समोरच्याच्या तोंडावर दिसायचं.

सगळ्यात जास्त राग आईला. तिचं लहानपण मेंढरांमागं गेलेलं. एकाच्या वावरात मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचं, की राहायचं पाल उपटून दुसऱ्याच्या वावरात. लग्नानंतर घर मिळालं तर म्हणे कितीतरी दिवस ती नुसती भिंतीला हात लावून बघायची.

"दोन वर्षांची नोकरी म्हंजे पालच की गं," ती म्हणायची. "म्या उपटलं तेवढं बस झालं. तुला बिलकुल न्हाई."

म्हणून तिनं अंबडचं स्थळ आणलं. मुलगा शिक्षक, पर्मनंट. नेमकी ते बघायला येणार त्याच दिवशी चार वाजता माझी लॅपटॉपवर पोस्टडॉकची मुलाखत. पाहुणे बाराला येणार होते, म्हणून मी निर्धास्त. पण वेळेवर आले तर ते पाहुणे कसले? आले पावणेचारला! मी चहा दिला, पोहे दिले. मुलाचे वडील म्हणाले, "पोस्टडॉक म्हंजे डॉक्टरच्या वरचं ना? मंग दवाखाना कुठं टाकणार?" मला हसूही येत होतं आणि घड्याळाकडं बघून रडूही. चार वाजत आले तशी मी सरळ उठले. आईकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर खाली बसले असते.

आतल्या खोलीच्या दाराला कडी नव्हती. नुसतं लोटून घेतलं आणि लॅपटॉप उघडला. पडद्यावरचे प्राध्यापक बोलायला चांगले होते, पण माझं अर्धं लक्ष दाराकडं, कारण बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"पोरगी हुशार हाय, बराबर," मुलाचे वडील म्हणत होते. "पण ही जल्मभर भटकतच राहील म्हना की."

माझं इंग्रजी अडकलं. आता आई दार ढकलून येते आणि लॅपटॉप मिटवते, असंच वाटलं. ही मुलाखत गेली असती तर माझ्या हातात दुसरं काहीच नव्हतं.

"भटकती कशाची?" आईचा आवाज चढला होता. "भटकलो आमी. आमाला माघारी यायला घर नव्हतं. तिला हाय. काम सरलं की फुडल्या वावरात जाईल, न्हाईतर हितं येईल. तुमी चहा घ्या, अन् जरा हळू बोला. पोरीची परीक्षा चालू हाय."

अगं आई गं! तेवढ्यात पडद्यावरून प्रश्न आला, दोन वर्षांनंतर काय करणार? मी डोळे पुसत काहीतरी उत्तर दिलं. काय ते आज आठवत नाही.

स्थळ गेलं, जागा मिळाली. आता ती दोन वर्षंही सरत आली. परवा फोनवर तिला भीतभीतच सांगितलं, पुढची जागा अजून मिळाली नाही गं.

"मंग ये की," ती म्हणाली. "बसून दे हितूनच मुलाखती. तुझ्या खोलीला आतून कडी बसवून घेतली म्या."