सासऱ्यांकडची किल्ली

सासूबाई गेल्या त्या उन्हाळ्यात आम्ही ठरवलं की सासऱ्यांना एकटं ठेवायचं नाही. ठरवलं म्हणजे मीच म्हणाले. जर्मनीत इंगोलश्टाटला ज्या कंपनीत मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होते तिथलं माझं कंत्राट संपलं होतं आणि नवीन काही मिळत नव्हतं. नवरा मोटारींच्या कारखान्यात होता, त्याला हलता येणार नव्हतं. तेव्हा मी त्याच्या गावी, चेक सीमेजवळच्या डोंगरात, सासऱ्यांकडे राहायचं आणि त्याने दर शुक्रवारी संध्याकाळी यायचं असं ठरलं. थोड्याच महिन्यांचा प्रश्न आहे, असं मी नाशिकला आईला फोनवर सांगितलं. तिथे मी जवळजवळ तीन वर्षं राहिले.

सासरे सॉ मिलमधून निवृत्त झालेले. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं करवतीने नेलेली. अंगाने थोराड, बोलणं अगदी कमी, आणि जे बोलत ते तिथल्या खेड्यातल्या जर्मनमध्ये, त्यातलं निम्मं मला कळायचं नाही. लग्नानंतर लगेच त्यांनी मला ‘डू’ म्हणायला सांगितलं होतं, म्हणजे एकेरी. तोंडाने मी ‘डू’ म्हणायचे, पण मनात कायम ‘अहो’च असायचं. आता लिहितानाही तेच येतंय.

पहिले दोन महिने आम्ही समोरासमोर बसून मुकाट्याने जेवलो. मी केलेला वरणभात ते खायचे, ताट धुवायचे आणि खिडकीशी जाऊन बसायचे. ऑक्टोबरमध्ये एका सकाळी ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, “जाड बूट घाल. चल.”

“कुठे?”

“कामाला.”

गावात एक फेराइन होतं, म्हणजे हौशी लोकांचं मंडळ. लांब, अरुंद स्की पायाला लावून जंगलातून फिरायला येणाऱ्यांसाठी हिवाळ्यात वाट तयार ठेवायची, हे त्यांचं काम. त्या वाटेला लोइपे म्हणतात. बर्फ पडला की स्नोमोबाईलमागे, म्हणजे बर्फावर पट्ट्याने धावणाऱ्या मोटारसायकलसारख्या गाडीमागे, एक जड लोखंडी साचा बांधून ओढायचा, म्हणजे बर्फात दोन समांतर चर उमटतात आणि त्यांतून स्की धावतात. स्नोमोबाईल सासरे चालवायचे, वीस-बावीस वर्षं तेच. पण बर्फ पडण्याआधीचं कामच जास्त होतं, हे मला त्या दिवशी कळलं. वाटेवर आलेल्या फांद्या छाटायच्या, पडलेली झाडं कापून बाजूला लोटायची, ओढ्यांवरच्या कुजलेल्या फळ्या बदलायच्या. गाई गोठ्यात गेल्या की शेतकऱ्यांना सांगून कुरणांच्या तारा उतरवायच्या. उघड्या माळावर वाट कुठून जाते ते धुक्यात दिसावं म्हणून लाल टोकाच्या काठ्या ठोकायच्या, आणि जिथे वाटा फुटतात तिथे बाणांच्या पाट्या लावायच्या.

माणसं सहा-सात, सगळी साठीच्या पुढची. त्यांचे अध्यक्ष निवृत्त पोस्टमन होते, लुकडे, सतत टोपी सारखी करणारे. पोस्टमननी खिळ्यांची बादली माझ्या हातात दिली, एवढंच. दुपारी सगळे एका ओंडक्यावर बसून ब्रेड खात होते तेव्हा सासऱ्यांनी जरा सरकून मला जागा केली.

त्या वर्षी बर्फ खूप पडला. इतका, की छपरांवरून तो खाली ओढायला माणसं चढायची. सासरे पहाटे उठून जायचे आणि उजाडेपर्यंत वाट आखून परत यायचे. तीन-चार वेळा मला मागे बसवून नेलं. अंगठ्याने दाबायची ती गती, डाव्या हाताला ब्रेक, वळणावर अंग कुठे झुकवायचं, हे सगळं त्यांनी करून दाखवलं. माळावर आल्यावर इंजिन बंद करून ते मागे वळून आपले दोन सरळ चर बघत बसायचे. एकदा म्हणाले, “माझी बायको इथपर्यंत कधीच आली नाही. तिला थंडी वाजायची.” सासूबाई गेल्यानंतर त्यांच्याबद्दल मी सासऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं वाक्य. मला बरं वाटलं. आपण इथे आलो ते योग्य केलं, असं वाटलं.

दुसऱ्या शरद ऋतूत काहीतरी बदललं होतं.

आधी मला वाटलं, माझंच ऐकण्यात चुकतंय. तारा उतरवल्या का, हे ते सकाळी विचारायचे, मी हो म्हणायचे, आणि ओढ्यापाशी पोचल्यावर पुन्हा विचारायचे. मग एका फाट्यावर त्यांनी बाणाची पाटी ठोकली ती थेट तळ्याकडे तोंड करून. मी म्हटलं, “बाण उलटा झालाय का?” त्यांनी पाटीकडे बराच वेळ पाहिलं. “नाही,” म्हणाले आणि पुढे गेले. ते वळणाआड गेल्यावर मी खिळे उपटून पाटी फिरवली. तिथून पुढे प्रत्येक फाट्यावर मी मागे रेंगाळायला लागले.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला शेडमध्ये स्नोमोबाईल सुरू करून बघायची होती. मशीनचा मागचा भाग स्टँडवर उचलून घेतात, मग पट्टा हवेत फिरतो आणि मशीन जागचं हलत नाही. हे त्यांनीच मला आदल्या वर्षी शिकवलं होतं. शेडमध्ये आम्ही दोघंच होतो. मी पुढच्या भिंतीशी गुडघ्यांवर बसून काठ्यांच्या मोळ्या बांधत होते. सुतळी संपली म्हणून उठून कपाटाकडे गेले आणि मागे इंजिन सुरू झालं. स्टँड लावलेलाच नव्हता. मशीनने झेप घेतली आणि ते काठ्यांवर, मी बसले होते तिथे, जाऊन आदळलं. सासरे अजून अंगठा दाबूनच बसले होते. पट्टा सिमेंटवर घासत होता, जळका वास येत होता. मी धावत जाऊन किल्ली फिरवली.

ते खाली उतरले. मोडलेल्या काठ्या गोळा करायला लागले.

“ब्रेक लागला नाही,” ते म्हणाले.

“ब्रेक डावीकडे आहे.”

“मला माहीत आहे कुठे आहे.” मग, माझ्याकडे न बघता, “त्यांना सांगू नकोस.”

मी मान हलवली. घाबरलेलं माणूस समोर असलं की आपण हो म्हणतो, तसं.

शुक्रवारी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो दोन तास गाडी चालवून आला होता, थकला होता. म्हणाला, “आई गेल्यापासून त्यांचं लक्ष लागत नाही. वय झालंय. तू दिवसभर त्यांच्याबरोबर असतेस, म्हणून तुला प्रत्येक गोष्ट मोठी दिसते.” डॉक्टरकडे नेऊ म्हटलं तर म्हणाला, “ते जाणार नाहीत. आणि या हिवाळ्यात ते मशीनही काढून घेतलं तर त्यांच्याकडे उरतं काय?” त्याचं खोटं नव्हतं.

त्यानंतर दोन आठवड्यांनी आम्ही दोघं शेवटच्या फळ्या बदलायला वरच्या जंगलात गेलो. धुकं होतं. त्यांना उरलेले स्क्रू आणायला गाडीकडे पाठवून मी ओढ्यापाशी थांबले. वीस मिनिटं झाली, अर्धा तास झाला. मी हाका मारल्या. वर चढून गेले तर गाडी नव्हती. चिखलात चाकांच्या खुणा तेवढ्या होत्या. तिथे मोबाईलला रेंज नसायची. आमच्याच पाट्यांचे बाण बघत मी खाली चालत आले. दीड तास लागला. सगळ्या वाटभर मी एवढंच मनात म्हणत होते, काहीतरी काम निघालं असेल, कोणाला काही झालं असेल.

घरात दिवा होता. ते स्वयंपाकघरात सूप पीत बसले होते. माझे ओले केस, चिखलाने भरलेले बूट बघून त्यांनी चमचा खाली ठेवला.

“अशा हवेत कुठे गेली होतीस?” ते म्हणाले. अगदी काळजीने म्हणाले.

मी वर जाऊन पलंगावर बसले. रडले नाही. मला आदल्या हिवाळ्यातल्या त्या वाटा दिसत होत्या, शाळेतली पोरं, म्हातारी जोडपी, त्या चरांमधून एकामागून एक येणारी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोस्टमनकडे गेले आणि शेडमधलंही आणि जंगलातलंही सांगितलं. माझं जर्मन घाबरलं की मोडतं. मी विशेषणांची रूपं चुकवत होते आणि ते टोपी हातात फिरवत ऐकत होते. शेवटी म्हणाले, “गेनाऊ, बरोबर आहे. आम्हालाही दिसत होतं. पण त्याला कोण सांगणार, म्हणून सगळे थांबलो होतो.”

म्हणजे मी सांगावं म्हणूनच ते थांबले होते, असं मला नंतर वाटलं.

पोस्टमन संध्याकाळी घरी आले. सासऱ्यांच्या समोर बसले. चाळीस वर्षांची ओळख. हवापाण्याचं बोलून झालं, मग म्हणाले, “आल्झो, असं बघ, यंदा किल्ली माझ्याकडे राहू दे. विम्याचं काहीतरी नवीन आलंय, सत्तरीपुढच्यांना चालत नाही म्हणतात.” विम्याचं काही नव्हतं. सासऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

“तू सांगितलंस.”

“हो,” मी म्हणाले.

खिशातून जुडगा काढून ते त्यातली एक किल्ली सोडवायला लागले. बोटांची टोकं नसल्यामुळे नख कडीत शिरत नव्हतं. पोस्टमन मदतीला हात पुढे करायचे आणि मागे घ्यायचे. खूप वेळ लागला. किल्ली टेबलावर ठेवून सासरे उठले आणि झोपायच्या खोलीत गेले. संध्याकाळचे सहासुद्धा वाजले नव्हते.

त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. जेवायचे, ताट धुवायचे. काही हवं असलं तर शुक्रवारपर्यंत थांबून मुलाला सांगायचे. नवरा मला रागावला नाही, पण “मला आधी विचारायला हवं होतंस,” एवढं म्हणाला, आणि मग तो विषय आमच्यात निघाला नाही.

आणि त्या हिवाळ्यात बर्फ पडला नाही.

डिसेंबरमध्ये कुरणं हिरवीच राहिली. लाल टोकाच्या काठ्या गवतात ओळीने उभ्या होत्या. नाताळात पाऊस पडला. स्नोमोबाईलवर बसायला दुसरा एक जण तयार झाला होता. तो रोज सकाळी थर्मामीटर बघायचा आणि घरी जायचा. जानेवारीत मोठं वादळ झालं, वरच्या जंगलातली झाडं आमच्या वाटेवर आडवी झाली. आम्ही पुन्हा जाऊन ती कापली, कशासाठी ते कोणी विचारलं नाही. फेब्रुवारीत दोनदा पांढरं झालं आणि दुपारपर्यंत वितळलं. मार्चच्या सभेत पोस्टमननी सांगितलं की मशीन यंदा एक दिवसही शेडबाहेर पडलं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. मी खाली बघत होते. मी चार महिने गप्प राहिले असते तर ती किल्ली सासऱ्यांच्या खिशात राहिली असती आणि कोणाचंही काही बिघडलं नसतं, हे त्या खोलीत प्रत्येकाला कळत होतं. कोणी बोललं नाही. ती माणसं तशी भली होती.

फेब्रुवारीच्या शेवटी नवऱ्याने सासऱ्यांना डॉक्टरकडे नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरनी मेंदूचा फोटो दाखवत समजावून सांगितलं. परतताना गाडीत सासरे विचारत होते, आपण कोणाला भेटून आलो.

एप्रिलमध्ये एका सकाळी मी चहा करत होते. ते आत आले आणि म्हणाले, “थंडी आहे अजून. स्वेटर घाल.”

मी वळून पाहिलं. चेहऱ्यावर काही नव्हतं, ना राग ना अढी. ते माझ्यावर रागावले होते हेच ते विसरले होते. पाच महिने मी ज्या एका वाक्याची वाट बघत होते ते असं आलं. मी स्वेटर घातला, त्यांना चहा दिला. मला हायसं वाटलं आणि त्याची लाजही वाटली, कारण क्षमा करायला त्यांना आता काही आठवतच नव्हतं. त्या दिवसापासून ते बोलायचे, पूर्वीपेक्षा जास्तच. कधी मला सासूबाईंच्या नावाने हाक मारायचे. मी ओ द्यायचे.

पुढच्या हिवाळ्याच्या आधी त्यांना तालुक्याच्या गावातल्या वृद्धांच्या निवासात ठेवावं लागलं. ते दोनदा पहाटे उठून पायजम्यावरच घराबाहेर पडले होते. त्या शरदात मी कामाला गेले खरी, पण आता आम्ही चौघंच होतो. एकाचे गुडघे गेले होते, एक मुलीकडे राहायला गेला होता. अर्धीच वाट साफ झाली. पोस्टमन म्हणाले, “खालचा भाग तरी ठेवू.” बर्फ पडला तेव्हा आठवडाभर तो खालचा भाग मीच आखला. माझे चर वळणांवर तिरके जायचे.

एका रविवारी निवासात जाऊन मी सासऱ्यांना ते सांगितलं. वाटलं, हसतील किंवा वळण कसं घ्यायचं ते सांगतील. ते खिडकीबाहेर बघत होते. “कुठली वाट?” म्हणाले.

ते गेले तेव्हा मे महिना होता. दफनभूमीत पोस्टमन आणि उरलेले दोघं मंडळाची हिरवी जाकिटं घालून उभे होते, उन्हात घामेजलेले. त्यानंतर महिन्याभरात आम्ही घर बंद केलं आणि मी इंगोलश्टाटला परत आले. मंडळ त्याच वर्षी शेजारच्या गावातल्या मंडळात मिसळलं, असं पोस्टमननी पत्रातून कळवलं.

सामान भरून निघालो त्या दिवशी पाऊस होता. आम्ही डोनाऊ नदी ओलांडली. मग नवरा रस्त्याकडे बघत म्हणाला, “त्या शुक्रवारी मी तुझं ऐकायला हवं होतं.”

मी म्हणाले, “मीही थोडं थांबायला हवं होतं.”

नाही, तू बरोबरच केलंस, असं तो म्हणेल, याची मी वाट बघितली. पुढे रस्त्याचं काम चालू होतं, गाड्यांची रांग लागली होती. त्याने वेग कमी केला आणि आम्ही त्या रांगेत जाऊन उभे राहिलो.